ओढ्याच्या मापाचा बांबू

अमेरिकेत तुम्ही काय करायचात, असं कुणी विचारलं की मी आधी त्याला बसायला सांगतो, कारण माझं उत्तर उभ्याउभ्या पटण्यासारखं नाही. ऐंशीच्या दशकातला बराचसा काळ मी पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगराळ गावात मासे पकडायचे बांबूचे रॉड विकत होतो. मंडळाच्या गणपतीत नवीन ओळख झालेला माणूस विचारायचा, "कुठल्या कंपनीत?" मी खरं काय ते सांगायचो. तो हातातला मोदक तसाच धरून म्हणायचा, "नाही, म्हणजे, तसे तुम्ही कशात आहात?" तसा मी त्यातच होतो.

गेलो होतो ड्राफ्ट्समन म्हणून. यंत्रांचे सुटे भाग करणारा कारखाना होता, तो बंद पडला. बायकोची हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी पक्की होती, त्यामुळे गाव सोडायचा प्रश्न नव्हता आणि गावात दुसरा कारखाना नव्हता. वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याचं मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे रॉड बनवायची खोली, आणि त्याच्याही मागे गवताची लांब पट्टी. त्याला मदतनीस हवा होता. मी गेलो तेव्हा त्याने माझ्या हातात बांबूची एक बारीक पट्टी आणि मायक्रोमीटर दिला आणि माप विचारलं. मी माप सांगितलं आणि गप्प बसलो. पुढे तो लोकांना सांगायचा की हा माणूस कमी बोलतो म्हणून मी त्याला घेतला. खरं म्हणजे मला मासेमारीतलं अक्षरही कळत नव्हतं, बोलणार काय? माझं नाव वसंत. ते त्याच्या तोंडात बसेना, म्हणून त्याने पहिल्याच दिवशी मला व्हिन्स करून टाकलं.

बांबू म्हटल्यावर आपल्याला मांडवाचा बांबू दिसतो, म्हणून थोडं समजावून सांगतो. वॉल्टरचा रॉड म्हणजे एक अखंड काठी नव्हे. चिनी बांबू उभा चिरून त्याच्या सहा तिकोनी पट्ट्या करायच्या, प्रत्येक पट्टी रंध्याने शेंड्याकडे निमुळती करत न्यायची आणि सहाही एकमेकींना चिकटवायच्या. शेंडा शेवटी उदबत्तीच्या काडीएवढा होतो. मग रेशमी दोऱ्याने कड्या बांधायच्या आणि वर व्हार्निशचे हात द्यायचे. मधे धातूचा जोड, म्हणजे रॉड दोन तुकड्यांत नळीत घालून नेता येतो. चांगल्या रॉडबरोबर शेंडे दोन देतात, कारण मोडतो तो शेंडाच. हे सांगितलं की आपली माणसं हटकून विचारायची, "म्हणजे एकावर एक फ्री का?"

या मासेमारीत गळाला गांडूळ लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. तिला वजन असं नसतंच. त्यामुळे फेकायची असते ती जाडसर दोरी. दोरी आधी मागे उलगडू द्यायची, मग पुढे टाकायची, आणि माशी तिच्यामागून फरफटत जाऊन पाण्यावर हलकेच बसते. यात सगळी गोम एकच आहे. दोरी मागे गेल्यावर थांबायचं. त्या काळात ग्राफाइटचे रॉड आले होते. ते हलके, ताठ आणि उतावळे. त्यांची सवय झालेला माणूस बांबू हातात घेतला की झाडू मारल्यासारखा मागेपुढे करायचा आणि म्हणायचा, "हा मेलेला आहे." एका वैमानिकाने तर आमचा रॉड सदोष आहे म्हणून परत द्यायला आणला होता. वॉल्टरने त्याला गवतावर नेलं आणि सांगितलं, "दोरी मागे टाकली की बायकोचं नाव घे, मगच पुढे टाक." वैमानिक म्हणाला, "कुठल्या बायकोचं?" वॉल्टर म्हणाला, "जिचं नाव लांब असेल तिचं." रॉड सुधारला.

दुसरं एक गिऱ्हाईक आपल्यातलंच. सांता क्लाराचा एक तरुण इंजिनीअर, कामासाठी इकडे आला असताना हौसेने रॉड घेऊन गेला. पुढच्या वसंतात रॉड दुरुस्तीला परत आला. व्हार्निशला फोड आलेले, बांबूवर काळा डाग, आणि जोडाच्या खाचेत काहीतरी पिवळं. वॉल्टर ते पिवळं नखाने खरवडून मला म्हणाला, "व्हिन्स, हे विष आहे का?" मी वास घेतला. हळद होती. पोराने खंडेनवमीला रॉडची पूजा केली होती, हळदकुंकू आणि ओलं झेंडूचं फूल वाहिलं होतं, आणि तसाच तो फुलासकट नळीत घालून झाकण घट्ट लावलं होतं. बांबूला याहून वाईट वागणूक देता येत नाही. ओला रॉड नळीत कधी बंद करायचा नसतो, हे आम्ही प्रत्येकाला सांगायचो. पण पूजेचं पाणी म्हणजे पाणी, हे त्याच्या डोक्यात आलं नसावं. आपल्याकडे वर्षातून एकदा हत्यारांची पूजा करतात, हे मी वॉल्टरला समजावलं. तो बराच वेळ डाग घासत राहिला आणि मग म्हणाला, "कल्पना चांगली आहे. फूल मात्र कोरडं घ्या."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती आहे निमकरांची.

मे महिन्याच्या सुरुवातीला एका शनिवारी दुकानात एक गृहस्थ आले. साठीच्या जवळपासचे, इस्त्रीचा शर्ट, पायात ऑफिसचे बूट. भिंतीवर लावलेल्या रॉडांकडे न बघता ते थेट माझ्याकडे आले.

"आपण मराठी ना? मी निमकर. जर्सी सिटीहून आलो. आमच्या मंडळींनी सांगितलं, इथं एक मराठी माणूस आहे म्हणून. रॉड घ्यायचाय. बांबूचा. मुलीसाठी."

"मुलगी कुठे असते?"

"इथंच. सरकारच्या मत्स्यबीज केंद्रात नोकरी करते. शुभांगी तिचं नाव. तुमच्याकडे येते म्हणे."

शुभा माझ्या चांगलीच ओळखीची होती. तिला रॉड मीच विकला होता, पण ते तिने घरी सांगितलेलं दिसत नव्हतं, म्हणून मीही ते पोटात ठेवलं. केंद्र आमच्यापासून गाडीने जवळच. दर दोन आठवड्यांनी ती खोट्या माश्या घ्यायला यायची, गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांतच. जन्म इथला, मराठी कळायचं सगळं, बोलायची अर्धं. ट्राउटची पिल्लं वाढवायची, मोजायची, ओढ्यात सोडायची, हे तिचं काम, आणि त्याबद्दल ती बोलायला लागली की वॉल्टरसुद्धा हातातलं काम बाजूला ठेवायचा.

निमकरांनी मग रॉड बघायला सुरुवात केली. बघितले कसे, तर आंबे बघावेत तसे. एक उचलला, तळहातावर तोलला, बोटाने टिचकी मारली, हवेत सपासप हलवला. शेवटी दुकानातला सर्वांत लांब रॉड त्यांनी काढला. मोठ्या नदीसाठी केलेला, साडेआठ फुटी, जाड दोरीचा. तो गिऱ्हाईक नसल्यामुळे बरेच दिवस आमच्या भिंतीवर होता.

"हा द्या."

"निमकर, ती लहान ओढ्यांवर जाते. तिथं दोन्ही काठांवर झाडी. डोक्यावर फांद्या टेकलेल्या असतात. हा रॉड तिथं सरळ उभासुद्धा राहणार नाही. शिवाय हा वाकायला भरपूर दोरी बाहेर लागते. ओढ्यावर माणूस आठ-दहा हात दोरी टाकतो. तेवढ्याने वाकेल असा रॉड हवा."

"आज ओढा आहे. उद्या मोठ्या नदीवर जाईल. माँटानाला नोकरी लागलीय तिला, महिन्याच्या अखेरीस चाललीय. जरा वाढत्या अंगाचा घेतलेला बरा."

मी हसलो. आमच्या आईने शिवलेल्या सगळ्या शर्टांच्या बाह्या मला आठवल्या. "अहो, हा काही शाळेचा गणवेश आहे का? मुलगी सव्वीस-सत्तावीस वर्षांची आहे."

ते हसले नाहीत. "पैशाचा प्रश्न नाही. भारीतला द्या. आणि एक करा. तुम्हीच तिला द्या. ती येईल तेव्हा. बाबांनी दिलाय म्हणून सांगा."

"तुम्ही का देत नाही? इथून तिचं घर जवळ आहे."

तेव्हा ते स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. शुभाला मेडिकलला प्रवेश मिळाला होता. एक वर्ष काढून तिने ते सोडलं आणि ही नोकरी धरली. निमकरांनी तिला फोन केला आणि म्हणाले, "माशांची गटारं साफ करायला मी तुला अमेरिकेत वाढवलं का?" तिने फोन ठेवला. त्याला वर्ष उलटून गेलं होतं. आई आणि मुलगी बोलायच्या. निमकर शेजारच्या खोलीत बसून अर्धं बोलणं ऐकायचे. आता ती देशाच्या दुसऱ्या टोकाला चालली होती, आणि न बोलताच गेली तर मग राहिलंच, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होती.

मला त्यांची दया आली, पण रागही आला. वॉल्टरच्या दुकानाचे दोन नियम होते. पहिला असा की बांबूचा रॉड कुणालाही भेट म्हणून परस्पर विकायचा नाही. ज्या हातात तो जाणार तो हात गवताच्या पट्टीवर यायला हवा, टाकून बघायला हवा. दुसरा असा की तो रॉड घेऊन पहिल्यांदा ओढ्यावर जाताना दुकानातलं कुणीतरी बरोबर जायचं. या नियमांपायी आमची कितीतरी गिऱ्हाइकं गेली. मी निमकरांना पहिला नियम सांगितला.

"ती माझ्याबरोबर येणार नाही," ते म्हणाले.

"विचारलंत?"

ते उठले. "दुकानदार असून विकत नाही, हे मी पहिल्यांदाच बघतोय," असं म्हणून निघून गेले. मागच्या खोलीतून वॉल्टरने विचारलं, तो लांबुडका रॉड गेला का एकदाचा? मी नाही म्हणालो. वॉल्टरने नुसता सुस्कारा टाकला. नियम त्याचाच होता.

पुढच्याच आठवड्यात शुभा आली. सांगावं की नको, असा मी क्षणभर विचार केला. बापलेकीच्या भानगडीत पडू नये, असं माझी बायको आदल्याच रात्री म्हणाली होती. पण गप्प राहणं म्हणजेही एका बाजूने पडणंच होतं.

"तुझे बाबा आले होते गेल्या शनिवारी."

तिच्या हातातली खोट्या माश्यांची डबी तशीच राहिली. "इथे? का?"

"रॉड घ्यायला. तुझ्यासाठी."

"माझ्याकडे रॉड आहे, काका. तुम्हीच तर विकलात मला. दे डोन्ट इव्हन नो?" मग एकदम तिचा आवाज चढला. "म्हणजे जर्सी सिटीपासून ड्राइव्ह करून इथपर्यंत आले आणि माझ्या घरी नाही आले? दॅट्स टेन मिनिट्स! टेन मिनिट्स, काका!"

"तू बोलावलं असतंस तर आले असते."

"त्यांना सांगा की..."

"मी काही सांगणार नाही," मी म्हणालो. माझाही पारा चढला होता. "ते म्हणतात, तिला सांगा. तू म्हणतेस, त्यांना सांगा. मी काय पोस्टमन आहे? हा फोन घे आणि काय ते सांग."

काउंटरवरचा फोन मी तिच्यापुढे सरकवला आणि उगाच कपाटातली रिळं पुसायला लागलो. तिने डबी काउंटरवर ठेवली. मग तिने नंबर फिरवला. पलीकडून आई बोलली असावी, कारण शुभा म्हणाली, "आई, बाबांना दे." आणि मग, "बाबा. मी. नाही, मी ठीक आहे. बाबा, मला रॉड नको. नो, लिसन. मला रॉड नकोय, माझ्याकडे आहे. तुम्ही या. तुमच्यासाठी घेऊ. हो, तुमच्यासाठी. मी ज्या ओढ्यावर जाते तिथे जाऊ. जायच्या आधी एकदा." बराच वेळ ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "खायचा नसतो, बाबा. सोडून द्यायचा असतो." आणि थोड्या वेळाने, "ते आल्यावर सांगते."

फोन ठेवून तिने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "ते विचारतायत, सोडून द्यायचा तर धरायचा कशाला?"

हा प्रश्न मला माझ्या सासऱ्यांनी, दोन मेहुण्यांनी आणि मंडळाच्या तीन अध्यक्षांनी विचारला आहे. समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

पुढच्या रविवारी निमकर आले. तोच इस्त्रीचा शर्ट, तेच बूट. शुभा आधीच येऊन बसली होती. दोघं एकमेकांना भेटली ती अशी की जणू डॉक्टरांच्या दवाखान्यात अनोळखी माणसं भेटावीत. "कशी आहेस?" "बरी. ट्रॅफिक होता?" "नाही, फारसा नव्हता." संपलं. मी त्यांना घाईघाईने गवताच्या पट्टीवर नेलं, कारण हातात काहीतरी असलं की माणसाला बोलणं सोपं जातं.

पहिला बांबूचा रॉड निवडताना मी तीन काढायचो, तसेच काढले. सहा फुटी एक, दिसायला सर्वांत देखणा. नवख्याला वाटतं, ओढा लहान म्हणजे रॉडही लहान घ्यावा. पण फार आखूड रॉडला चूक खपत नाही. दोरी गवतात, झुडपात, माणसाच्या टोपीत अडकते. दुसरा साडेसात फुटी, चांगला, पण जरा ताठ. तिसरा सात फुटी, जुना, वॉल्टरने स्वतः वापरून मग विकायला काढलेला. त्याच्या एका शेंड्याला किंचित बाक होता. जुना रॉड घेताना तो डोळ्याशी धरून सरळ आहे का बघावं, जोड काढताना टक् असा आवाज येतो का ऐकावं, पट्ट्यांचे सांधे सुटलेत का नखाने तपासावं. थोडा बाक चालतो. सैल जोड मात्र चालत नाही.

निमकरांनी अर्थातच देखणा सहा फुटी उचलला. दोन झटक्यांत दोरी त्यांच्या गळ्याभोवती. साडेसात फुटीने दोरी पुढे गेली, पण सगळी एका जागी ढिगासारखी पडली. ते धीर नसल्यासारखे मागेपुढे करत होते आणि मागे थांबत नव्हते. मी त्यांना वॉल्टरची युक्ती सांगितली, दोरी मागे टाकली की एक नाव घ्या. त्यांनी "गणपती" म्हटलं. पण गणपती त्यांच्या तोंडून इतक्या सवयीने आणि इतक्या भरभर आला की काही उपयोग झाला नाही.

शुभा आतापर्यंत बाकावर बसून बघत होती. ती उठली. सात फुटी रॉड तिने त्यांच्या हातात दिला, मागे उभं राहून त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाली, "बाबा, माझं नाव घ्या. पूर्ण. सावकाश."

दोरी मागे गेली. "शुभांगी," निमकर म्हणाले. जुना बांबू मधोमध वाकला, दोरी पुढे उलगडली आणि गवतावर सरळ रेषेत पडली. ते वळून म्हणाले, "बघितलंस?" वर्षभरात मुलीशी बोललेला तो त्यांचा पहिला धड शब्द असेल. वॉल्टर खिडकीतून बघत होता. त्याने अंगठा वर केला. सात फुटी ठरला.

"पण याच्या शेंड्याला बाक आहे," निमकर मला बाजूला घेऊन म्हणाले. "जुना माल दाखवताय का?"

"तुमच्या आणि माझ्याही पाठीला बाक आहे. काम होतं की नाही?"

त्यावर मात्र ते हसले.

दुपारनंतर आम्ही तिघं ओढ्यावर गेलो. नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. वॉल्टरने निमकरांना आपले रबरी बूट दिले होते, ते त्यांना दोन नंबर मोठे होते आणि चालताना पचक पचक वाजत होते. ओढा एवढा अरुंद की लांब ढांग टाकली तर ओलांडता यावा. वर हेमलॉकच्या झाडांच्या फांद्या, काठाला नेचे. पाणी इतकं गार की हात घातला की हाडात कळ जाते. शुभा पुढे चालत होती आणि वाकून दाखवत होती, या दगडाखाली ते लपतात, इथे पाणी वळतं तिथे खाणं वाहत येतं, ही जागा गेल्या वर्षी आम्ही झाडं लावून सावलीत आणली. निमकर ऐकत होते. ती जे करते ते त्यांनी याआधी कधी ऐकलंच नव्हतं.

"मासा लागला तर हात आधी ओले करायचे," तिने सांगितलं. "कोरड्या हाताने त्यांची स्किन जाते."

"मी हात लावणार नाही. तूच काढ."

"बरं."

तासाभरात निमकरांनी मासा सोडून सगळं पकडलं. फांदी, नेचा, स्वतःची बाही, माझी टोपी. दर वेळी शुभा जाऊन माशी सोडवून आणायची. एकदा ती झाडावर चढली. खाली उतरताना तिच्या कोपराला खरचटलं. ते बघून निमकरांचा चेहरा पडला. त्यांनी "लागलं का गं?" असं विचारलं आणि ती "नाही" म्हणाली.

मग एका खोलगट जागेपाशी आम्ही थांबलो. शुभा त्यांच्या मागे दोन पावलांवर, मी जरा वर एका दगडावर. निमकरांनी दोरी टाकली. माशी बरोबर पाण्याच्या वळणावर बसली आणि वाहू लागली. ते पाण्याकडेच बघत होते, मुलीकडे त्यांची पाठ होती. मला वाटतं म्हणूनच त्यांना तोंड उघडता आलं.

"शुभांगी, मी फोनवर जे बोललो ना," ते म्हणाले. "ते फार वाईट बोललो. मला तुझ्या कामातलं काही कळत नव्हतं. विचारायला हवं होतं, ते न करता मी..."

"बाबा!"

"नाही, मला बोलू दे. मी..."

"बाबा, नंतर बोला! फिश! रॉड उचला!"

त्यांनी तो असा उचलला की विहिरीतून भरली बादली ओढावी. वीतभर ब्रुक ट्राउट पाण्यातून सुटला, त्यांच्या डोक्यावरून, शुभाच्या डोक्यावरून गेला आणि मागच्या नेच्यांत पडून तडफडू लागला. हा नवख्यांचा नेहमीचा प्रताप आहे. लहान मासा आणि घाबरलेला माणूस एकत्र आले की मासा उडतो. शुभा खो खो हसायला लागली, पोट धरून खालीच बसली. मी दगडावरून उतरू लागलो.

पण माझ्या आधी निमकर निघाले होते. "अगं, मरेल तो! हसतेस काय!" असं ओरडत ते मोठे बूट आपटत नेच्यांत शिरले, अर्ध्या वाटेवर थांबले, परत आले, ओढ्यात दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले आणि पुन्हा धावले. जन्मात ज्याने मासा शिवला नव्हता त्या माणसाने गुडघे टेकून तो ओंजळीत उचलला. शुभा हसायची थांबली. तिने शेजारी बसून चिमटीने गळ सोडवला आणि म्हणाली, "पाण्यात धरा. तोंड वरच्या बाजूला, प्रवाहाकडे. दाबू नका. तो स्वतः जाईल."

निमकर इस्त्रीच्या शर्टासकट ओढ्यात ओणवे झाले. मासा त्यांच्या ओल्या तळहातांत पडून होता, अंगावर लाल ठिपके, कल्ले हलत होते. तिचा हात त्यांच्या हाताखाली होता. मग शेपटी एकदा हलली आणि मासा निघून गेला. निमकर रिकाम्या ओंजळीकडे बघत राहिले.

"गेला," ते म्हणाले. "जगेल ना गं?"

"जगेल." शुभाने त्यांना दंडाला धरून उठवलं, नेच्यांत पडलेला रॉड उचलून एका झाडाला टेकवून ठेवला आणि काठावरच्या मोठ्या दगडावर बसली. शेजारची जागा तिने हाताने पुसली.

"हं," ती म्हणाली. "आता बोला, बाबा. मी ऐकतेय."

मी माझी पिशवी उचलली आणि ओढ्याच्या कडेने वर चालू लागलो. त्यापुढचं मी ऐकलं नाही. वळणाशी एकदाच मागे बघितलं, तेव्हा दोघं दगडावर बसली होती आणि बाप बोलत होता.